काळी छत्री

वाळपईच्या सभागृहात फोन दिला तेव्हा
तीन ठिकाणी सह्या घेतल्या.
काच फुटली तर माझ्या पगारातून.
आकडा चुकला तर कोणाच्या,
विचारलं मी. साहेब म्हणाले, चहा घ्या.

सोबत पुठ्ठ्याचं कार्ड, मधोमध चौकोनी भोक,
कडेला रंगांचे ठिपके, पांढऱ्यापासून पिकल्या लिंबापर्यंत.
बाळाच्या छातीवर ठेवायचं, फोटो काढायचा,
रक्तात पिवळं किती ते फोन सांगणार.
सुई नको, आणि लॅबच्या जीपची
मंगळवारपर्यंत वाट नको.

इतके दिवस माझ्याकडे अंगठाच होता.
अठरा वर्षं दाबला तो कपाळावर, नाकावर, मांडीवर,
उचलला की खालून कातडी कुठल्या रंगाची येते ते पाहिलं.
कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरते.
गोऱ्या पोरात दिसते. सावळ्यात अंगठा अंदाज बांधतो.
आणि केंद्राच्या ट्यूबलाइटखाली
प्रीतेश गावसच्या नावापुढे मी 'बरा' लिहिलं होतं.
आता पाच वर्षांचा आहे. अंगणवाडीत सगळ्यांत शहाणा म्हणतात त्याला,
गोंगाट त्याच्यापर्यंत पोचतच नाही.
त्याच्या आईने मला कधी काही म्हटलं नाही.
दर एप्रिलात काजूगर देते, भाजून, सोलून.

तर, धनगरवाडा. विठा झोरेचा मुलगा, पाचवा दिवस.
चढभर हुर्राकाचा वास.
खोपटात धूर. फोन म्हणाला, प्रकाश अपुरा.
अंगणात आणलं. प्रकाश जास्त.
जांभळीखाली धरलं तर पोटावर पानांचे डाग हलायला लागले,
फोन नुसता गोल गोल फिरत राहिला.
बॅटरी एकवीस टक्के.

भागू वरक उंबऱ्यावर बसून सगळं बघत होती.
अर्ध्या वाड्याची सुईण. हल्ली बाळंतपणं हॉस्पिटलात,
तिच्या वाट्याला तेल उरलंय आणि हळद.
"आधी छाती पूस त्याची," ती म्हणाली,
"सकाळी मीच माखलाय. तुझा फोन माझी हळद मोजायचा."
पुसलं, ओल्या फडक्याने, दोनदा.
मग ती उठली आणि खुंटीवरची छत्री घेऊन आली.
काळी, दोन काड्या तुटलेली.
उघडली तशी सावली सगळीकडे सारखी.
फोन म्हणाला, हलू नका.
आम्ही तिघी हललो नाही. बाळ हललं.
पुन्हा.

सतरा पूर्णांक आठ.
आकड्याखाली लाल पट्टी.
मी अंगठा दाबला. पिवळं मांडीपर्यंत होतं,
की आकडा वाचल्यावर मला तसं दिसत होतं?
"परवापासून दूध ओढत नाही धड," भागू म्हणाली,
"रडतोय पण कसा, मांजरासारखा."
मग बोलली का नाहीस?
तिने छत्री मिटली. एक काडी आत जाईना, ती हाताने दाबली.
"विचारलंस कुठे? आल्यापासून फोनशीच बोलतेस."

रेंज सातेरीच्या देवळामागच्या खडकावर.
विठाचा नवरा वर धावला, आम्ही बाळ घेऊन खाली.
अँब्युलन्स पुलाच्या अलीकडे उभी.

बांबोळीला दोन रात्री निळ्या उजेडात,
डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट.
तिथल्या रक्तात आलं सोळा पूर्णांक नऊ.
बैठकीत साहेबांनी तेवढंच धरलं. म्हणजे फोन चुकला ना?
चुकला, मी म्हटलं. चहा घेतला.

नव्या तक्त्यात एक रकाना आहे, 'वापरलेली साधने'.
मी लिहिलं: फोन, कार्ड, फडकं, छत्री.
कारकुनाने शेवटची दोन लाल शाईने खोडली.
मी पुढच्या महिन्यातही लिहीन.
प्रीतेशचं नाव घालायला त्यात कुठेच जागा नाही.

काल वाड्यावरून दूध घालायला आलेल्या पोराबरोबर
भागूचा निरोप आला:
बाळाने अंग धरलंय. हळद बंद केली नाही,
तू येणार त्या दिवशी लावत नाही एवढंच.
आणि सरकार छत्री देणार असेल
तर काळीच द्यायला सांग.